गणिताचा सोमवार

वेणीमाधव सरांकडे नकाराची शिल्लक कधी संपत नसे. कोणी तास बदलून मागितला, नाही. कोणी पंखा हळू करायला सांगितला, नाही. माणूस कद्रू नव्हता. प्रत्येक नकाराला ते कारण जोडून देत, आणि कारण इतकं चोख असे की मागणारा आभार मानून परत जाई. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात गणिताचे विभागप्रमुख म्हणून त्यांनी निम्मी हयात अशी काढली होती.

प्रथम वर्षाच्या परीक्षेचं वेळापत्रक तेच करीत. करीत म्हणजे काय, नोकरीच्या सुरुवातीला त्यांना एकदा एक वेळापत्रक जमलं होतं. तेच दर साली तारखा बदलून फळ्यावर लागे. सोमवारी सकाळी गणित, हा त्यातला पहिला मान. परीक्षेचा नारळ गणितानं फुटावा, असं सरांचं मत होतं आणि त्याला विरोध करायला कोणाकडे दुसरं वेळापत्रक नव्हतं. त्यात दर साली चार-दोन पोरं अडकत, म्हणजे त्यांचे दोन पेपर एकाच वेळी येत. त्यांच्यासाठी कॉलेजात एक रीतच पडून गेली होती. फेब्रुवारीत बोलावून सांगायचं, एक विषय बदला. पोरं बहुधा खेड्यातली असत. शहरात असंच असतं, असं समजून ती विषय बदलत.

शहात्तर साली मात्र दोन गोष्टी एकदम जमा झाल्या.

पहिली म्हणजे, आदल्या उन्हाळ्यात सर पुण्याला गणिताच्या प्राध्यापकांच्या शिबिराला जाऊन आले आणि फार प्रसन्न होऊन आले. तिथं एका पाहुण्यानं सांगितलं होतं की गणनयंत्राच्या शास्त्रात एक नवी शाखा निघाली आहे. कोणतं काम सोडवायला किती मेहनत पडेल, याचाच ती अभ्यास करते. आणि परीक्षेचं वेळापत्रक हे तिच्या दृष्टीनं महाअवघड काम आहे; त्याची झटपट रीत साऱ्या जगात कोणाकडेही नाही. सरांनी हे ऐकलं आणि वीस वर्षांचं ओझं उतरवून ठेवलं. त्यांना जमलं नव्हतं ते अमेरिकेतही जमलं नव्हतं. नापास होणाऱ्याला सगळा वर्ग नापास झाल्याचं कळल्यावर जसं वाटतं, तसं त्यांचं झालं. मला वाटतं, त्या वर्षी त्यांचं वजनही वाढलं.

दुसरी गोष्ट म्हणजे वच्छला. मंद्रूपच्या धोंडीराम नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. तिनं गणित घेतलं होतं आणि मराठीऐवजी कन्नड घेतलं होतं, कारण तिची आई सीमेकडची, घरात दोन्ही भाषा. कन्नड शिकवायला नीलम्माबाई अक्कलकोटहून अर्धवेळ येत, तेही सोमवारी सकाळीच, त्यामुळे कन्नडचा पेपर सोमवारी सकाळी ठरलेला. गणित आणि कन्नड ही जोडी आजवर कोणी घेतलीच नव्हती. वच्छलानं घेतली आणि ती अडकली.

तिला गणित शिकवीत अनसूयाबाई. त्या स्वतः वेणीमाधव सरांच्या विद्यार्थिनी. सर एरवी त्यांना 'अनसूया, तू' म्हणत. रागावले की 'बाई, तुम्ही' म्हणत. त्यामुळे स्टाफरूमचं हवामान बाहेरून नुसतं ऐकूनही कळे. वच्छला उदाहरण सोडवताना ओठ घट्ट मिटून घेते आणि उत्तर आल्यावर पुन्हा उलट दिशेनं तपासते, असं अनसूयाबाई कौतुकानं सांगत. त्यांच्या वर्गात असं करणारी ती एकटीच होती.

फेब्रुवारीच्या अखेरीस प्राचार्य विरुपाक्ष हिरेमठांनी धोंडीरामला बोलावून घेतलं. गोड माणूस. मुलीनं गणित सोडून इतिहास घ्यावा, त्यात सगळे पास होतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. धोंडीराम फेटा मांडीवर ठेवून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "सायेब, इतिहास आमच्या हितं म्हातारी बी सांगती की. त्यासाठी रोज यष्टीचं भाडं कशाला भरू? पोरीनं गणितासाठी हट्ट केला, म्हणून धाडली. गणित न्हाय तर कालेज बी न्हाय."

"तसं टोकाला जाऊ नका," प्राचार्य म्हणाले.

"टोकाला कुटं जातोय? घरला जातोय. तिला संगं घिऊन."

वच्छला दाराशी उभी होती. ओठ घट्ट मिटलेले होते. त्याच वेळी अनसूयाबाई आत आल्या. वेळापत्रक मी नव्यानं करून देते, मुलीला तोवर येऊ द्या, असं त्यांनी सगळ्यांना मिळून एकदाच सांगितलं. प्राचार्यांनी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या वेणीमाधव सरांकडे पाहिलं. सरांनी खिशातला चष्मा काढून पुसला. नकार मोठा असला की ते आधी चष्मा पुसत.

सौदा असा ठरला. परीक्षेला सोमवार, मंगळवार, बुधवार एवढेच दिवस, रोज सकाळ आणि दुपार, म्हणजे एकूण सहा वेळा. गुरुवारी इमारत शालान्त परीक्षेला द्यायची होती. त्या सहा वेळांत एकाही मुलाचे दोन पेपर एकत्र येता कामा नयेत. बाईंना आठवडाभर मुदत. शनिवारी फळ्यावर काहीतरी लागलंच पाहिजे. नव्यानं जमलं तर ठीक, नाहीतर जुनंच लागेल आणि वच्छला मंद्रूपला जाईल. धोंडीराम शनिवारपर्यंत थांबायला तयार झाला, तेही बाईंच्या तोंडाकडे पाहून.

त्या दिवशी स्टाफरूममध्ये सरांनी फळ्यावर बारा टिंबं काढली. एकेक टिंब म्हणजे एकेक विषय. ज्या दोन विषयांना एखादा मुलगा सामाईक आहे, त्यांच्यामध्ये रेघ. रेघ आली की ते दोन पेपर एका वेळी ठेवायचे नाहीत. "झालं," सर म्हणाले, "कोडं एवढंच आहे. बाराला सहा वेळा. मांडण्या किती होतील, तुम्हीच करा गुणाकार. एकेक तपासत बसलात तर आपण दोघंही निवृत्त होऊ."

"सगळ्या कशाला तपासायच्या?" बाईंनी विचारलं.

"कारण कमी तपासून खात्रीनं उत्तर देणारी रीत कोणाकडे नाही."

"रीत असूच शकत नाही, असं सिद्ध झालंय का सर?"

खोटं बोलणं सरांच्या शिस्तीत बसत नव्हतं. सिद्ध झालेलं नाही, त्यांनी कबूल केलं. पण अशी शेकडो कोडी एका दावणीला बांधलेली आहेत. एक सुटलं की सगळी सुटतील, असं मात्र सिद्ध झालं आहे. आणि आजवर त्या दावणीतलं एकही जनावर सुटलेलं नाही.

"मला सगळी दावण सोडायची नाही," बाई म्हणाल्या. "आपल्या कॉलेजचं एक वासरू सोडवायचंय."

सर म्हणाले, "बाई, तुम्ही बघा." हवामान बिघडल्याचं आम्हांला शेजारच्या ऑफिसात ऐकू आलं.

पहिले दोन दिवस बाईंची हार झाली, आणि ती त्यांच्या स्वतःच्या चुकीनं झाली. चूक तशी त्यांची एकटीची नव्हती. कॉलेज निघाल्यापासून सगळे तीच करत आले होते. बाईंनी माहितीपुस्तक समोर घेतलं. त्यात छापलं होतं की भाषा सोडून कोणताही विषय कोणत्याही विषयाबरोबर घेता येईल. हे वाक्य संस्थापकांनी मोठ्या अभिमानानं घातलं होतं, की इथं खेड्यातल्या मुलाला पूर्ण मोकळीक आहे. त्या मोकळिकीनुसार रेघा काढल्या की प्रत्येक टिंब जवळजवळ प्रत्येक टिंबाला बांधलं जाई. बारा विषयांना अकरा-बारा वेळा लागत. बाईंनी सगळ्यांत जास्त रेघांचा विषय आधी बसवून पाहिला, मग सगळ्यांत कमी रेघांचा आधी बसवून पाहिला. गणित दर वेळी हातात उरायचंच. सर येता-जाता फळ्याकडे नजर टाकत आणि काही बोलत नसत. न बोलण्यातही त्यांची व्याजासकट वसुली चालली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गिरणीचा भोंगा झाला तेव्हा बाई वर्गात शिकवत होत्या. वर्गातली टेंभुर्णीची तीन मुलं एकाच पुस्तकात डोकी घालून बसली होती. बाईंनी ओरडण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी विचारलं की पुस्तक कोणाचं. त्यांच्यातल्या मानसिंग नावाच्या मुलानं सांगितलं की पुस्तक गावाचं. गावातला पहिला पोरगा कॉलेजात आला, त्यानं जे विषय घेतले त्यांची पुस्तकं घेतली. पुढची पोरं तेच विषय घेतात, म्हणजे पुस्तकं पुन्हा घ्यावी लागत नाहीत. वहीसुद्धा मिळते, अधूनमधून समासात बरी उत्तरंही मिळतात. अकलूजवाल्यांचं तेच, त्यांची पुस्तकं फक्त कव्हर घातलेली असतात.

बाईंनी खडू खाली ठेवला. माहितीपुस्तकानं दिलेली मोकळीक कोणी वापरतच नव्हतं.

कोणी काय घेतलंय हे प्रवेशाच्या अर्जांवरून कळलं असतं, पण अर्ज केव्हाच कोल्हापूरला विद्यापीठात गेले होते. बाई अर्जांची वाट पाहत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुपारच्या सुट्टीत त्यांनी अंगणात लिंबाखाली गोल करून बारा खुर्च्या मांडायला लावल्या, प्रत्येक खुर्चीवर विषयाचं नाव. साखर पेठेतल्या मागवाल्यांच्या घरची पोरं प्रथम वर्षात होतीच. त्यांनी घरून वाया गेलेल्या सुताची लडी आणली. मग प्रथम वर्षाच्या प्रत्येक मुलानं यायचं आणि आपल्या विषयांच्या खुर्च्या एकमेकींना सुतानं बांधायच्या. आधीच बांधलेल्या असतील तर नुसतं सूत ओढून पाहायचं आणि पुढं जायचं.

हा देखावा बघायला सगळं कॉलेज गॅलरीत आलं. टेंभुर्णीचा पहिला मुलगा आला, त्यानं बांधलं. त्याच्या मागून आलेले सगळे टेंभुर्णीकर नुसतेच सूत ओढून पुढं गेले. कोणीतरी वरून विचारलं की गावानं लग्नाची मुलगीही एकच ठरवलीय का. त्यावर एक टेंभुर्णीकर म्हणाला, की नाही, पण सासरा एकच बघतोय, उसाचा. अकलूजची मुलं आली, त्यांचंही तसंच. अक्कलकोट बाजूची पोरं कन्नड आणि इतिहास यांना बांधून मोकळी झाली. शंभरावर मुलं अंगणातून गेली आणि दोरे मोजकेच राहिले. शेवटी वच्छला आली. गणिताच्या खुर्चीपासून कन्नडच्या खुर्चीपर्यंत तिचं सूत एकटंच गेलं. त्या बाजूला दुसरा दोरा नव्हता. गाठ मारून तिनं ती दोनदा ओढून पाहिली.

आता अंगणात दिसत होतं, ते माहितीपुस्तकात दिसत नव्हतं. कितीतरी खुर्च्यांच्या मध्ये नुसतं ऊन होतं.

तरीही बाईंचं जमेना. त्या खुर्च्यांमधून फिरत, एकेकीवर सकाळ-दुपारच्या चिठ्ठ्या ठेवत, उचलत. पाच खुर्च्या बसायच्या, सातवी-आठवी बसायची आणि मग एखादी अशी उरायची की सहाही वेळांना तिचा कुठे ना कुठे दोरा. बाईंनी पदर खोचला, सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हे पुन्हा झालं. पुन्हा झालं. मुलं तासाला निघून गेली. गॅलरी रिकामी झाली. वच्छला तेवढी लिंबाच्या पारावर बसून राहिली.

वेणीमाधव सर छत्री उघडून खाली आले. ऊन मार्चचं होतं, पण मला विचाराल तर छत्री उन्हासाठी नव्हती. आपण सहज चाललो आहोत हे दाखवायला हातात काहीतरी लागतं. ते दोऱ्यांभोवती एक फेरी फिरले. बाई जमण्याची जागा शोधत होत्या. सर न जमण्याची शोधू लागले. त्या कामात त्यांचा हात धरणारं सोलापुरात कोणी नव्हतं. दुसऱ्या फेरीत त्यांनी छत्री मिटली आणि तिच्या टोकानं खुर्च्या दाखवायला सुरुवात केली. इंग्रजी, मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल.

"हे सहा बघा," ते म्हणाले. "यातला प्रत्येक, उरलेल्या पाचांना बांधलेला आहे. कोणतेही दोन एका वेळी येणार नाहीत. म्हणजे पाच वेळांत ही परीक्षा होणं नाही. आज नाही, उद्या नाही, कोणी कितीही हुशार येऊ दे." आवाजात जुना आनंद परत आला होता. "याला म्हणतात सिद्धता."

"पाच कुठं मागितल्यात सर? आपल्याकडे सहा आहेत."

सरांनी छत्रीचं टोक जमिनीला टेकवलं. म्हणता म्हणता बाईंचं लक्ष दुसरीकडेच गेलं. त्यांनी हातातल्या चिठ्ठ्या पाहिल्या, मग त्या सहा खुर्च्या पाहिल्या. आपण दर वेळी कुठून सुरुवात करायची हेच नशिबावर सोडत होतो, हे त्यांना दिसलं. न जमणारी जागा कोणती ते कळलं, की सुरुवातही तिथूनच करायची. या सहांना सहा वेळा एकेक वाटून टाकायच्या. त्यात निवडायचं काहीच राहत नाही. मग उरलेल्या सहा खुर्च्यांपैकी प्रत्येकीनं या सहांतला आपला सोबती शोधायचा, ज्याच्याशी तिचा दोरा नाही. इतकंच उरतं.

"सर, तुम्ही निम्मं काम केलंत," त्या म्हणाल्या.

"मी काही केलेलं नाही. मी होणार नाही एवढंच सांगितलं."

"तेच."

मग दोघं मिळून कामाला लागले. सर जिथं जमणार नाही ते सांगत, बाई तिथून चिठ्ठी उचलत. मराठी घेणारा कन्नड घेत नाही, तेव्हा कन्नड मराठीजवळ. नीलम्माबाई सोमवारीच येणार, म्हणून सोमवार सकाळ या दोघांना. तर्कशास्त्र भूगोलाजवळ बसलं, मानसशास्त्र अर्थशास्त्राजवळ. हिंदी आणि संस्कृत यांनाही सोबत मिळाली. राहता राहिलं गणित. गणिताचा दोरा वच्छलामुळे कन्नडला होता. म्हणजे सोमवार सकाळ गेली.

हे बाईंनी तोंडानं म्हटलं नाही. सरांनीच पाहिलं. आपल्या 'अशक्य'मध्ये निम्मं गणित होतं आणि निम्मा सोमवार होता, हा हिशेब त्यांच्या ध्यानात आला असावा, कारण त्यांनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही, नुसता हातात धरून उभे राहिले.

"इंग्रजीशी दोरा आहे," ते हळूच म्हणाले. "भूगोलाशी आहे. अर्थशास्त्राशी आहे. राज्यशास्त्राशी टेंभुर्णीकरांनी बांधून ठेवलंय."

"इतिहासाशी नाही," बाई म्हणाल्या.

"इतिहासाशी कशाला असेल?"

आणि इतिहास होता बुधवारी दुपारी, सगळ्यांत शेवटी. ती वेळ प्राचार्यांनी आधीच मुक्रर केलेली होती. इतिहासाची मुलं संख्येनं जास्त, अंगानं दणकट. पेपर संपला की शालान्त परीक्षेसाठी बाकं हलवायला तीच हाताशी लागत. परीक्षेचा नारळ फोडणारं गणित आता बाकं उचलणाऱ्यांच्या पंगतीला बसणार होतं.

सरांच्या नकाराची तिजोरी त्या क्षणी उघडीच होती. एक 'नाही' काढून दिला असता, तर प्राचार्यांनी तो घेतला असता, आणि वच्छला शनिवारी बापाबरोबर यष्टीत बसली असती. हे तिथं तिघांनाही माहीत होतं. पारावरून वच्छला उठून उभी राहिली होती.

सरांनी तिला हाक मारली. तू दोन्ही पेपरांचा अभ्यास केला आहेस का, विचारलं. केला आहे, ती म्हणाली. गणित किती झालं? सगळं झालं, आता उलटं तपासत आहे. सरांनी मान हलवली. मग अनसूयाबाईंच्या हातातली शेवटची चिठ्ठी त्यांनी स्वतः घेतली आणि गणिताच्या खुर्चीवर ठेवली. बुधवार, दुपार. ठेवल्यावर प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन प्रत्येक दोरा त्यांनी दोन्ही टोकांनी तपासला. ऊन उतरेपर्यंत तपासला. चूक सापडली असती तर त्यांना आनंद झाला असता, हे खरं. न सापडल्याचं दुःखही झालेलं दिसलं नाही.

"जमलंय, अनसूया," ते म्हणाले. 'बाई' म्हणाले नाहीत.

शनिवारी धोंडीराम आला. फळ्यापुढं उभं राहून त्यानं वच्छलाकडून ते वाचून घेतलं, मग बाईंना विचारलं, "म्हंजी आता पोरगी ऱ्हाती?"

"राहते."

"लई बरं झालं. मी तिला वह्या-पुस्तकं गुंडाळायला सांगणार हुतो. आता न्हाय सांगत." एवढं बोलून त्यानं पिशवीतून शेंगांची पुरचुंडी काढली आणि ती अनसूयाबाईंना द्यायची की वेणीमाधव सरांना, या विचारात पडला. शेवटी दोघांच्या मधल्या टेबलावर ठेवली. सरांनी पहिली मूठ घेतली.

वेळापत्रकाखाली सरांनी आपल्या हातानं एक ओळ लिहिली होती, आणि ती काढायला त्यांनी कोणालाही परवानगी दिली नाही : 'सदर मांडणी फक्त या वर्षीच्या विद्यार्थ्यांपुरती आहे. पुढील वर्षी जमेलच असे नाही.' प्राचार्यांना ती ओळ अपशकुनी वाटली. अनसूयाबाईंनी सांगितलं की ती राहू द्या, सगळ्या फळ्यावर तीच पूर्ण खरी आहे. पुढल्या वर्षी नवी गावं येतील, नव्या गाठी येतील, कदाचित सहा वेळा पुरणारही नाहीत. पुन्हा खुर्च्या मांडाव्या लागतील.

परीक्षेच्या बुधवारी दुपारी मोठ्या हॉलमध्ये इतिहासवाल्यांच्या गर्दीत गणिताची मुलं कडेच्या दोन रांगांत बसली. देखरेखीला वेणीमाधव सर होते. वच्छलाचा पेपर वेळेआधी झाला. ती ओठ मिटून शेवटच्या उत्तराकडून पहिल्याकडे तपासत निघाली. घंटा झाली. इतिहासाची पोरं बाकं उचलायला लागली, तर तिचं बाक तेवढं सरांनी उचलू दिलं नाही.

"थांबा जरा," ते म्हणाले. "तिचं अजून एक राहिलंय."